नव्वदाव्या पानावर अडकलात? मग थोडं मागे चला

प्रश्न थोडक्यात पुन्हा सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. विचारणाऱ्या ताई लहानपणापासून मराठी वाचत आल्या आहेत, इंग्रजी कादंबऱ्या तशा बेताच्याच. मैत्रिणीने ‘एकदम स्पायसी आहे’ म्हणून एक रीजन्सी रोमान्स, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातली प्रेमकथा, हातात ठेवला. नायिका एक, तिच्याभोवती पुरुष तीन. नव्वदाव्या पानावर गाडी अडली. कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतंय ते कळत नाही, ही पहिली तक्रार. प्रणयाचा प्रसंग आला की लाजून पानं उलटली जातात आणि मग पुढची गोष्ट तुटते, ही दुसरी. आणि एकच बाई तिघांवर एकदम प्रेम करते हे काही केल्या गळी उतरत नाही, ही तिसरी. शेवटी विचारलंय, ‘माझं वाचन कमी पडतंय की पुस्तकच टाकाऊ आहे?’

पुस्तक मी पाहिलेलं नाही, तेव्हा ते टाकाऊ आहे की नाही ते मला सांगता येणार नाही. पण अशी पुस्तकं मी बावीस वर्षं लोकांना वाचायला देते आहे. डोंबिवलीत माझी छोटी खासगी लायब्ररी आहे. दिवाळी अंक आणि भयकथा जेवढ्या खपतात त्याच्या बरोबरीने इंग्रजी रोमान्सचं कपाट चालतं, आणि दुकानाचं भाडं बरंचसं तेच भरतं. कव्हरवर सदऱ्याची सगळी बटणं उघडी टाकलेला ड्यूक असतो, त्यामुळे ‘जरा कव्हर घालून द्याल का?’ ही विनंती इतकी नेहमीची, की मी जुन्या कॅलेंडरचे कागद त्यासाठीच जपून ठेवते. गणपतीच्या चित्राखालचा ड्यूक पश्चाताप झाल्यासारखा दिसतो.

पुस्तक परत आलं की माझा एक खेळ असतो. कणा टेबलावर टेकवायचा, दोन्ही हात सोडायचे आणि पुस्तक कुठे उघडतं ते बघायचं. जिथे ते सगळ्यात जास्त वेळ उघडं राहिलंय तिथे ते आपोआप उघडतं. तुम्हाला वाटेल, पलंगावरच्या पानाला उघडत असेल. कधीकधी उघडतंही. पण बहुतेक वेळा ते त्याच्या चार-पाच पानं आधी उघडतं. म्हणजे अजून काहीच झालेलं नाही, कुणीतरी कुणाचा तरी हातमोजा धरलाय, आणि बाहेरच्या व्हरांड्यात पावलं वाजताहेत.

म्हणून मला वाटतं, तुमची अडचण लाजेची नाही. त्या बाईचं काय पणाला लागलंय हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. इंग्लंडमधल्या वाचकाला ते शाळेपासून, सिनेमांतून, मालिकांतून थोडंफार ठाऊक असतं, म्हणून लेखिका ते समजावत बसत नाही. पणाला काय लागलंय ते माहीत नसेल तर हातमोजा हा नुसता हातमोजा राहतो आणि पलंगावरची चार पानं नुसती कवायत. मग लाज वाटणारच. कारण नसताना कुणाच्या खोलीत डोकावल्यासारखं होतं.

तर आधी ते सांगते. खरा रीजन्सी काळ अगदी लहान आहे. राजा तिसरा जॉर्ज वेडसर झाला म्हणून त्याचा मुलगा ५ फेब्रुवारी १८११ ला रीजंट, म्हणजे बापाच्या वतीने राज्य बघणारा, झाला आणि राजा २९ जानेवारी १८२० ला वारला तेव्हा ते संपलं. नऊ वर्षं, त्यात नेपोलियन आणि १८१५ ची वॉटर्लूची लढाई. प्रकाशक मात्र आगेमागे दहा-पंधरा वर्षं ओढून ताणून सगळ्यालाच रीजन्सी म्हणतात, त्यात रागावण्यासारखं काही नाही.

या काळात लग्न झालं की बाई कायद्याच्या लेखी जवळजवळ नाहीशी व्हायची. तिचे पैसे आणि दागिने नवऱ्याचे. जमीन तिच्या नावावर असली तरी उत्पन्न त्याच्या हातात. स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, दावा लावता येत नसे. मुलं बापाची. माहेरच्यांनी वकिलाकडून कागद करून थोडी रक्कम विश्वस्तांच्या ताब्यात ठेवली असेल तर तेवढाच आधार. बायकांच्या मालमत्तेचे कायदे आले ते १८७० आणि १८८२ साली. घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून खास स्वतःपुरता कायदा पास करून घ्यायचा. हा मार्ग १८५७ पर्यंत होता, आणि त्याने सुटका झालेल्या बायका एकूण चार. चार! पहिलीला १८०१ मध्ये मिळाला. नवऱ्याला मात्र बायकोच्या प्रियकरावर नुकसानभरपाईचा दावा लावता यायचा, जणू शेजाऱ्याने त्याच्या शेतात गुरं घातली.

आता बघा. ज्या बाईला आयुष्यात एकच मोठा व्यवहार करायचा आहे, तो परत फिरवता येत नाही, आणि तो करताना ज्याच्याशी करायचा त्याच्याबरोबर एकटीने दहा मिनिटं बसायचीही सोय नाही, तिच्यासाठी बंद दाराआडची ती दहा मिनिटं म्हणजे काय असेल? नाचातसुद्धा एकाच पुरुषाबरोबर दोनपेक्षा जास्त वेळा उभी राहिली तर लोक साखरपुडा गृहीत धरायचे. गरम मामला तिथे आहे. कपडे उतरण्याच्या कितीतरी आधी.

या कायद्यामुळे आणखी एक गोष्ट कळते. तुमची नायिका विधवा आहे का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. पण अनेक पुरुष असलेल्या रीजन्सीत ती बरेचदा विधवा असते, आणि ते उगाच नाही. एकवीस वर्षांखालच्या मुलीला बापाच्या संमतीशिवाय लग्न करता येत नव्हतं. १७५३ चा कायदा होता तसा. म्हणून तर पळून जाणारी जोडपी हद्द ओलांडून स्कॉटलंडात ग्रेटना ग्रीन गाठायची, तिथे तो कायदा नव्हता. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या ताब्यात. मोकळी कोण? पैसा असलेली विधवा. नवऱ्याच्या इस्टेटीतून तिला ठरलेलं वर्षासन, स्वतःचा बंगला, स्वतःची सही. आपल्याकडे त्याच काळातल्या विधवेचं जे होत होतं ते आठवून हे वाचताना मला दर वेळी थोडं विचित्र वाटतं, पण ते असो. लेखिकेला जर नायिकेला तीन पुरुषांमध्ये मोकळं फिरवायचं असेल तर ती पहिल्याच पानावर नायिकेच्या म्हाताऱ्या सरदार नवऱ्याला मारून टाकते. आणि मग पुस्तकभर प्रश्न हा असतो की मिळालेलं हे स्वातंत्र्य ती पुन्हा लग्न करून सोडणार का. तिघांपैकी प्रत्येक जण म्हणजे या प्रश्नाचं एकेक उत्तर असतं. हे ध्यानात ठेवा, तिसऱ्या तक्रारीपाशी लागेल.

आता नावं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी वाचकाला याची किल्ली आयती मिळालेली आहे आणि तिचा कुणी उपयोग करत नाही.

समजा, एक माणूस आहे. नाव जेम्स, आडनाव ॲशवर्थ, किताब अर्ल ऑफ थॉर्नबी. (मी बनवलाय, शोधू नका.) मित्र त्याला ‘थॉर्नबी’ म्हणतात, ‘ॲशवर्थ’ नाही. नोकर ‘माय लॉर्ड’. सैन्यातला जुना सोबती सवयीने ‘मेजर’ म्हणेल. ओळखपाळख असलेली बाई ‘लॉर्ड थॉर्नबी’ म्हणेल. त्याचा धाकटा भाऊ मात्र साधा ‘मिस्टर ॲशवर्थ’, कारण किताब आणि इस्टेट थोरल्याची, धाकट्याने पलटणीत, चर्चमध्ये नाहीतर वकिलीत जावं. ड्यूक असेल तर ‘युवर ग्रेस’. ड्यूकचा धाकटा मुलगा ‘लॉर्ड हेन्री’, आणि इथे फसू नका, हेन्री हे पाळण्यातलं नाव असलं तरी ही सलगी नाही, ती रीतच आहे. दर्जाची उतरंड ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशी. बॅरोनेट या पाचांत मोडत नाही, त्याला ‘सर’ म्हणतात.

मग ‘जेम्स’ कोण म्हणतं? जवळजवळ कुणीच नाही. आणि एके दिवशी, कुठल्यातरी एका पानावर, नायिका म्हणते.

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. ‘यू’ म्हटलं की राजाही आला आणि मांजरही आलं. त्यामुळे आपल्याकडे जे काम ‘अहो’ वरून ‘अरे’ वर येताना होतं, ते त्या पुस्तकात नावाने करावं लागतं. ज्यांच्या आजीने आजोबांचं नाव आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलं, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. नाव तोंडातून निघणं ही केवढी गोष्ट आहे ते आपल्या हाडात आहे.

म्हणून माझं आमच्या शनिवारच्या वाचनगटात एक सांगणं असतं. वाचताना मनातल्या मनात मराठी करा आणि प्रत्येक पुरुषासाठी ठरवा, हा ‘तुम्ही’ वरून ‘तू’ वर कधी आला. बुकमार्क म्हणून एक कागदाची पट्टी ठेवा. तिच्यावर प्रत्येकाची एक ओळ: किताब, आडनाव, नाव आणि तो ‘तू’ झाला ते पान. आमच्यातल्या एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत, त्यांना पट्टी सापडली नाही म्हणून त्यांनी सरळ माझ्या लायब्ररीच्या पुस्तकात समासात पेन्सिलने ‘तू’ लिहिलं. एका पुरुषासाठी ते पान ६१ वर होतं. दुसऱ्यासाठी २०४ वर, आणि मधे दोन पक्के प्रणयप्रसंग होऊन गेले होते! म्हणजे नायिकेने दुसऱ्याला शरीर आधी दिलं आणि नाव कितीतरी नंतर. मी पुस्तकात लिहिल्याबद्दल कुरकुर केली, खोडरबर काढलं, आणि मग तसंच राहू दिलं. ते पुस्तक आता नवीन सभासदांना मी मुद्दाम देते.

ही पट्टी केलीत तर तुमची पहिली तक्रार दोन दिवसांत मिटेल, आणि दुसरीचंही अर्धं काम होईल.

दुसरी तक्रार प्रसंगांची. पहिल्यांदा हे की पानं उलटणं हा गुन्हा नाही. मी स्वतः काही पुस्तकांत उलटते. लेखिकेलाच कंटाळा आलाय आणि तिने मागच्या पुस्तकातला प्रसंग नावं बदलून टाकलाय, हे लगेच कळतं. पण चांगल्या पुस्तकात उलटलंत तर गोष्ट तुटते, आणि तुमची तुटलीच. त्यावरून मला उलट आशा वाटते. जे पान गाळल्यावर कथा अडत नाही ते पान भरताड. अडली, म्हणजे तिथे काहीतरी घडत होतं.

काय घडतं ते कसं ओळखायचं? प्रसंगाच्या आधीची दोन पानं आणि नंतरची दोन पानं ताडून बघा. सुरुवातीला कोणाला काय माहीत होतं, कोण कोणाला घाबरत होतं, कोण हुकूम सोडत होतं. आणि शेवटी त्यातलं काय उलटलं. एक प्रसंग मीच रचून दाखवते. पावसात भिजलेली नायिका एका मेजरच्या घरातल्या लायब्ररीत शिरते. दार लावून घेते. तो शेकोटीपाशी. आत्तापर्यंत पुस्तकभर तो तिला सल्ले देत आलाय, इस्टेटीचे हिशेब कसे ठेवावेत वगैरे. ओला हातमोजा कोपरापर्यंत चिकटलाय, निघत नाही. तो पुढे होतो, ती हात मागे घेते, आणि मग स्वतःहून पुढे करते. तो मोजा खाली सोलत आणतो, सावकाश, आणि मनगटाशी येऊन थांबतो. विचारतो, ‘पुढे?’ ती म्हणते, ‘हिशेबाच्या वह्या उद्यापासून माझ्याकडे राहतील.’ तो हसतो. मग पुढची चार पानं तुम्हाला हवी तर वाचा, हवी तर गाळा. पण वह्यांचं वाक्य गाळलंत तर उद्या सकाळी ती टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत का बसली आहे ते कळणार नाही.

तो ‘पुढे?’ हा प्रश्नही बघा. पुस्तक कधीचं आहे यावर इथे बरंच अवलंबून आहे. १९७०-८० च्या दशकांतले जाडजूड ऐतिहासिक रोमान्स माझ्याकडे अजून आहेत. त्यांत नायक विचारत नाही. जबरदस्ती करतो, आणि पुढे तिलाच प्रेम जडतं. आज ती पानं वाचवत नाहीत, आणि एखादीने ती वाचून अर्ध्यात पुस्तक परत आणलं तर मी तिला शाबासकी देते. अलीकडच्या पुस्तकांत विचारणं असतं, आणि चांगल्या लेखिका त्या विचारण्यातच धग आणतात. हल्लीच्या पुष्कळ पुस्तकांत सुरुवातीला कसले प्रसंग आहेत त्याची सूचनाही छापलेली असते. ती वाचा. तिने रहस्य फुटत नाही. ‘स्पायसी’ या शब्दावर मात्र फार विसंबू नका. वाचक मिरच्यांचे गुण देतात, एक मिरची, पाच मिरच्या, पण एकीची पाच मिरच्यांची भाजी दुसरीला फोडणीतल्या एका मिरचीसारखी लागते. कोल्हापूरच्या आणि कोकणातल्या सुनांना विचारा.

लाजेबद्दल एकच. शृंगार आपल्याला परका नाही. हालाची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली, तिच्यात काय काय आहे ते वाचून बघा. आणि लंडनमध्ये रीजंट मेजवान्या झोडत होता त्याच वर्षांत आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत होनाजी बाळाच्या लावण्या रंगत होत्या. फरक असा की आपला शृंगार बहुतेक पद्यात, सुचवून, ढोलकीच्या आडून. गद्यात, सरळ सांगितलेला, रात्री दिव्याखाली एकटीने वाचायचा, याची सवय नसते. दोन-तीन पुस्तकांत होते. नाही झाली तरी बिघडत नाही, ‘दार लोटून घेतलं’ इथेच थांबणारे रीजन्सी रोमान्सही ढिगाने आहेत आणि त्यांतले काही फार सुंदर आहेत.

आता तिघांचं. आधी तुमच्या पुस्तकाने वचन काय दिलंय ते शोधा, कारण इथे दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एक जुना त्रिकोण किंवा चौकोन, ज्यात शेवटी ती एकाला निवडते आणि बाकीचे हळहळत बाजूला होतात (किंवा त्यांना स्वतःचं पुढचं पुस्तक मिळतं). दुसरी हल्लीची, ज्यात ती कुणालाच सोडत नाही. इंग्रजीत त्याला ‘व्हाय चूज’ म्हणतात, निवडायचंच कशाला! तुम्ही पहिल्या जातीची म्हणून वाचत असाल आणि पुस्तक दुसऱ्या जातीचं असेल, तर नव्वद पानं तुम्ही ‘ही कधी ठरवणार’ म्हणून चिडत राहिलात आणि लेखिका मजेत वेगळ्याच गावाला निघाली आहे.

ओळखायची माझी खूण साधी आहे. लेखिका कोणाकोणाच्या डोक्यात शिरते ते बघा. एकाच पुरुषाच्या मनातलं सांगत असेल आणि बाकीचे फक्त बाहेरून दिसत असतील, तर जिंकणारा तोच. तिघांनाही स्वतःची प्रकरणं असतील, तिघांची जुनी दुखणी उघडून दाखवलेली असतील, तर ती तिघांना ठेवणार. आणि ते तिघे एकमेकांशी कसे बोलतात तेही बघा. नुसते गुरगुरत असतील तर त्रिकोण. एकमेकांसाठी दार उघडं धरत असतील तर दुसरी जात. त्यातले दोघे एकमेकांच्याही प्रेमात असतील तर तिथे पणाला लागलेली गोष्ट आणखी मोठी आहे, कारण त्या काळी इंग्लंडात पुरुषापुरुषांतल्या संबंधाला फाशी होती आणि ती नुसती कागदावर नव्हती, शेवटची फाशी १८३५ मध्ये झाली. दोन बायकांच्या प्रेमाला तसा कायदा नव्हता. यॉर्कशायरची जमीनदारीण ॲन लिस्टर आपल्या प्रेयसींबद्दल रोजनिशीत स्वतःच्या सांकेतिक लिपीत बिनधास्त लिहीत होती.

‘एक बाई तिघांवर प्रेम कसं करेल’ याला द्रौपदीचं उदाहरण देऊन मोकळं होता येतं, आणि आमच्या गटात कुणीतरी ते देतंच. मला ते फारसं उपयोगी वाटत नाही. द्रौपदीला कुणी विचारलं नव्हतं. त्यापेक्षा त्याच समाजातली खरी माणसं बघा.

पाचवा ड्यूक ऑफ डेव्हनशर, त्याची बायको जॉर्जियाना आणि तिची जिवलग मैत्रीण लेडी एलिझाबेथ फॉस्टर. तिघं वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिली. एलिझाबेथला ड्यूककडून मुलं झाली. जॉर्जियाना १८०६ मध्ये वारली आणि १८०९ मध्ये ड्यूकने एलिझाबेथशी लग्न केलं. सगळ्या लंडनला माहीत होतं आणि लंडन त्यांच्या मेजवान्यांना जात होतं. पण त्याच जॉर्जियानाला चार्ल्स ग्रेपासून दिवस गेले (हाच पुढे पंतप्रधान झाला) तेव्हा ड्यूकने तिला देशाबाहेर पाठवलं. १७९२ मध्ये झालेली ती मुलगी तिला ग्रेच्या आईवडिलांकडे देऊन टाकावी लागली.

दुसरं घर एमा हॅमिल्टनचं. नवरा सर विल्यम आणि प्रियकर ॲडमिरल नेल्सन, दोघांसोबत ती उघड राहिली, आणि दोघांचं एकमेकांवर खरंच प्रेम होतं. म्हणजे ‘असं होऊच शकत नाही’ हे म्हणणं बाद. विल्यम १८०३ मध्ये गेला, नेल्सन १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत पडला. नेल्सनने मरताना एमाला देशाच्या हवाली केलं होतं, देशाने काही दिलं नाही. कर्जात बुडून ती १८१५ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये, कॅलेला वारली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला तीन पुरुषांची कादंबरी वेगळी दिसायला लागते. ड्यूकला जे न मागता मिळालं, तेच लेखिका एका बाईला देऊन बघते आहे, आणि किंमत म्हणून तिचं मूल किंवा तिचं छप्पर घेत नाही. म्हणून प्रत्येक पुरुष काय देतो ते मोजा. साधारणपणे एकाकडे किताब असतो, म्हणजे तिला समाजातलं संरक्षण. एक धाकटा मुलगा किंवा शिपाईगडी असतो, ज्याच्याकडे काहीच नाही पण जो तिचं ऐकतो. तिसरा बहुतेक बदनाम, ज्याच्यासोबत तिला चांगलं वागावं लागत नाही. त्या कायद्यात या तिन्ही गोष्टी एका नवऱ्यात मिळणं म्हणजे लॉटरी. तिघं मिळून एक पुरेसा नवरा होतो, असं आमच्या गटातल्या एकीने म्हटलं होतं आणि मग त्या शनिवारी पुढे काही वाचून झालं नाही.

लेखिका कच्ची असेल तर मात्र तिघेही सारखेच बोलतात. रुंद खांदे, करडे डोळे, जुनं दुःख. नावं झाकून तीन संवाद वाचा. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही तर दोष तुमचा नाही, पुस्तक खुशाल परत करा.

एक आडवळण घेते. तिघांपैकी एक जण ‘हिंदुस्थानातून पैसा कमावून परत आलेला’ असेल तर जरा कान टवकारा. कॅरिबियनमधला साखरेचा पैसा आणि त्यामागचे गुलाम यावर हल्लीच्या लेखिका विचार करतात, आपल्याकडच्या पैशावर कमी. वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन त्याआधी १८०३ मध्ये आपल्या जालन्याजवळच्या असईला मराठ्यांशी लढलेला वेलस्ली. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली, आणि त्या लुटीच्या वाटपाचा, म्हणजे डेक्कन प्राइझ मनीचा, वाद लंडनमध्ये पुढे कित्येक वर्षं चालला. तेव्हा कादंबरीतला देखणा मेजर १८१९ मध्ये दख्खनहून परतून नवं घर घेत असेल तर ते घर कशाचं आहे ते तुम्ही ओळखाल, त्याची नायिका ओळखणार नाही. मला त्यामुळे असा नायक आवडेनासा होत नाही, पण त्याच्यावर बारीक नजर राहते.

तर आता काय कराल? ते पुस्तक नव्वदाव्या पानावरून पुढे नेऊ नका. जो पहिला प्रसंग उलटलात त्याच्या चार पानं मागे जा. पट्टी तयार ठेवा. तिथून साधारण पन्नास पानं वाचा, आणि ‘तू’ कुठे येतो ते बघा. इंग्रजीचा वेग कमी असेल तर दिवसाला दहा पानं पुरेत, ही पुस्तकं तशीही परीक्षेसाठी नसतात. दिवस दगदगीचे असतील, घरात आजारपण असेल, तर हे आत्ता नको, तीन-तीन पुरुष लक्षात ठेवायला डोकं रिकामं लागतं. आणि पन्नास पानांनंतरही तिघांपैकी एकाचीही काळजी वाटली नाही, तर ठेवून द्या. मैत्रिणीला काय सांगायचं याची चिंता नको. ‘मेजर बरा होता’ एवढं म्हणा, असल्या पुस्तकात मेजर सापडतोच.

तुम्ही शेवटी हळूच आणखी एक विचारलंय, की घरात कुणी ‘काय वाचतेस’ विचारलं तर काय सांगायचं. ‘इंग्लंडमधला मालमत्तेचा कायदा’ असं सांगत जा. आमच्या एक सभासद सहा वर्षं हेच सांगताहेत. त्यांच्या यजमानांनी मागच्या महिन्यात मला फोन करून विचारलं, या विषयावर तुमच्याकडे इतकी पुस्तकं आहेत का हो?